आठ चक्रं इथे, आठ चक्रं तिथे: म्हणून ती तीच कशावरून?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुमच्याकडे वर्धा खोऱ्यातल्या दोन बोअरहोलचे लॉग (खोलीनुसार खडकांच्या नोंदी) आहेत, एकमेकांपासून १४ किलोमीटरवरचे. दोन्हींत बराकर नावाच्या कोळसा असलेल्या थरांमध्ये खाली भरड वालुकाश्म, त्यावर बारीक वालुकाश्म, मग शेल (चिखलाचा खडक) आणि माथ्यावर कोळसा, असा क्रम आठ-आठ वेळा येतो. दामोदर खोऱ्यातल्या एका छापील छेदातही तुम्ही आठच मोजलीत. आता पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं असं जोडत रेषा मारता येतील का, आणि ही चक्रं अमेरिकेतल्या ‘सायक्लोथेम’सारखी हिमयुगामुळे झाली असं लिहिता येईल का, हे तुम्हाला विचारायचंय. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय, की दोन्ही बोअरहोलमध्ये कोळशाच्या एका सीममध्ये (थरात) चार सेंटिमीटरची पांढुरकी मातकट पट्टी आहे, पण ‘चक्राचा भाग नसल्यामुळे ती सोडून दिली’.

थोडक्यात उत्तर: मोजून रेषा मारू नका. दामोदरपर्यंत तर अजिबात नको. आणि ती पट्टी सोडू नका. तुमच्या सगळ्या मजकुरात मला कामाची वाटली ती तीच.

आता सविस्तर. माझी पार्श्वभूमी एवढीच, की नोकरीची बरीच वर्षं कोळशाच्या पट्ट्यांत कोअर, म्हणजे बोअरहोलमधून काढलेले खडकाचे दंडगोल, बघण्यात गेली आणि निवृत्तीनंतर पुण्यात स्थिरावलो. इथे गाळाच्या खडकांवर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. पायाखाली सगळा बेसाल्ट, आणि चुनखडक बघायचा तर कडप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीत. पण थर जुळवण्याची अडचण बेसाल्टवाल्यांनाही चुकलेली नाही. त्यावर पुढे येतोच.

‘चक्रं कशी जोडू’ हा तुमचा प्रश्न दुसरा आहे. त्याच्या आधी ‘हे चक्र फिरवलं कोणी’ हा प्रश्न सुटायला हवा. नदीच्या पूरमैदानात नदी एका जागी वाळू टाकते, काही काळाने पात्र सोडून दुसरीकडे जाते, मागे राहिलेल्या सखल भागात चिखल साचतो, दलदल होते, झाडोरा कुजत पडतो, आणि पुढे कधीतरी नदी परत त्याच जागी येते. वाळू, चिखल, कोळसा, पुन्हा वाळू. यासाठी समुद्राची पातळी हलावी लागत नाही, हवामान बदलावं लागत नाही, काहीच लागत नाही. कोसी नदी गेल्या दोन-अडीच शतकांत शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकली. ती जिथून गेली तिथे वाळू थांबली आणि जिथे आली तिथे सुरू झाली. म्हणजे एकाच वर्षी एका गावात चक्राचा शेवट आणि दुसऱ्या गावात चक्राची सुरुवात. असली चक्रं १४ किलोमीटरवर जोडायची म्हणजे वर्ध्यातल्या सोमवारच्या पावसाचा पुण्यातल्या सोमवारच्या पावसाशी संबंध लावण्यासारखं आहे.

उलट, सगळ्या जगाची समुद्रपातळी एकदम वरखाली होत असेल तर तिचा ठसा हजारो किलोमीटरवर एकाच वेळी उमटतो. त्या चक्रांची जुळणी तत्त्वतः शक्य आहे. बराकरमधला क्रम खरा आहे, यात मला शंका नाही. खडक कुठल्या क्रमाने एकावर एक येतात हे आपल्याकडच्या लोकांनी मार्कोव्ह साखळीच्या पद्धतीने तपासलंय आणि भरडाकडून बारीकाकडे, शेवटी कोळसा, हा कल निव्वळ योगायोगाचा नाही असंच निघालंय. पण क्रम खरा असणं वेगळं आणि तो दोन ठिकाणी एकाच वेळी घडलेला असणं वेगळं. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. बहुतेक प्रबंध इथेच घसरतात.

अमेरिकेचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून त्याबद्दल. सायक्लोथेम हा शब्द वॅनलेस आणि वेलर यांनी १९३२ मध्ये काढला, इलिनॉयच्या कोळशाच्या थरांसाठी. तिथलं आदर्श चक्र दहा सभासदांचं: तळाशी वालुकाश्म, मध्ये कोळसा, आणि कोळशाच्या वर समुद्री चुनखडक आणि काळी शेल. वेलर यांचा कल जमीन खालीवर होण्याकडे होता. वॅनलेस यांनी शेपर्ड यांच्याबरोबर १९३६ मध्ये मांडलं, की दक्षिणेतल्या गोंडवन या प्राचीन महाखंडावरचं बर्फ वाढलं की समुद्र उतरत असे आणि वितळलं की चढत असे. आता हे बर्फ कुठलं? त्याच्या खुणा आपल्याकडेही आहेत. चंद्रपूरजवळ इरईला पैनगंगेच्या चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत आणि त्यावर तालचिरचा, म्हणजे बराकरहून जुन्या थरांतला, गोटे-मातीचा थर. कॅन्ससच्या काळ्या शेलमागची शक्ती आणि इरईचे ओरखडे एकाच मोठ्या हिमयुगातले. म्हणून तुमच्या मनात जे आलं ते आडवाटेचं नाही. पण बर्फ गोंडवनाच्या सगळ्या भागांवर एकाच वेळी नव्हतं. शिवाय इलिनॉय-कॅन्ससची चक्रं कार्बोनिफेरसच्या उत्तरार्धातली, आणि तुमचं बराकर पर्मियनच्या पूर्वार्धातलं, म्हणजे कित्येक दशलक्ष वर्षांनी तरुण, तालचिरचं बर्फ मागे हटल्यावर साचलेलं, गोड्या पाण्याचं. ‘सायक्लोथेमसारखं’ असं लिहायचं असेल तर कोणत्या बाबतीत सारखं, हे त्याच वाक्यात लिहा. नाहीतर परीक्षक तेवढंच धरून बसतील, आणि बरोबर धरून बसतील.

समजा, चक्रं समुद्रपातळीनेच झाली. तरी मोजणी चालते का? इथे पुण्यातलं उदाहरण घेतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की आधी नदीपात्रातला रस्ता बंद होतो. विसर्ग आणखी वाढला तर भिडे पूल पाण्याखाली जातो. एका पावसाळ्यात समजा रस्ता नऊदा बुडाला आणि पूल चारदा. आता रस्त्यावर बसलेल्याच्या वहीत नऊ पूर आहेत, पुलावरच्याच्या वहीत चार. नदी तीच, पाणी तेच. दोन्ही वह्या तारखांशिवाय माझ्यासमोर ठेवल्या आणि मी पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा असं जोडत गेलो, तर पुलावरचा चौथा पूर रस्त्यावरच्या चौथ्याला जाईल. प्रत्यक्षात तो कदाचित आठवा असेल. अमेरिकेतही असंच आहे: उथळ कडेच्या भागात समुद्राची फक्त मोठी चढाई पोचली, खोलगट भागात लहान चढायाही नोंदल्या गेल्या. म्हणजे चक्रांची संख्या जागेनुसार वेगळी असायलाच हवी. दोन लांबच्या ठिकाणी संख्या नेमकी सारखी निघाली, तर मला आनंद होण्याऐवजी संशय येतो.

त्या दोन वह्यांची जुळणी कशी होईल? एखादा पूर इतरांसारखा नसेल तर. म्हणजे पानशेत. १२ जुलै १९६१ च्या त्या पुराचं आमच्या आधीच्या पिढीला वर्ष सांगावं लागत नाही. ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ एवढ्यावर लग्नं, बदल्या, वाडे विकणं सगळं लागतं. जुन्या पेठांमधल्या भिंतीवर पाण्याची खूण कुठे होती हे दोन वेगळ्या वाड्यांतले लोक सांगतात, आणि ती खूण एकाच दिवसाची आहे याबद्दल कोणी वाद घालत नाही. जुळणी होते ती पुन्हा न घडणाऱ्या, एकदाच घडलेल्या गोष्टीवर. जे परत परत येतं त्याने जुळणी होत नाही, ते फक्त मधली जागा भरतं.

कॅन्ससची चक्रं युक्रेनच्या डोनेट्स खोऱ्याशी आणि मॉस्कोच्या खोऱ्याशी जुळवली गेली, ती याच मार्गाने. फिलिप हेकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम २००७ च्या सुमाराचं. त्यांच्या हातात चक्रांपेक्षा कोनोडोंट जास्त होते. कोनोडोंट म्हणजे ईलसारख्या एका लहान समुद्री प्राण्याचे दातांसारखे अवयव, मिलिमीटरच्या अंशाएवढे. चुनखडक पातळ अॅसेटिक आम्लात विरघळवून ते मिळवतात, म्हणून त्या प्रयोगशाळेत दारातूनच व्हिनेगरचा वास येतो. समुद्र सर्वात खोल असताना साचलेल्या काळ्या शेलमध्ये ते भरपूर मिळतात, आणि मुख्य म्हणजे एका चक्रातला प्रजातींचा संच दुसऱ्या चक्रातल्यासारखा नसतो. त्यामुळे प्रत्येक चक्राला स्वतःचा चेहरा आला. मग २०१० मध्ये डोनेट्सच्या राखथरांतल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाची युरेनियम-शिसे पद्धतीची वयं आली आणि तिथल्या मोठ्या चक्रांचा काळ सुमारे ४ लाख वर्षांचा निघाला. क्रम लक्षात घ्या: आधी जीवाश्म, मग वय, आणि चक्रांना नावं त्यानंतर.

तुमच्याकडे काय आहे? समुद्र नाही, म्हणून कोनोडोंट नाहीत. उमरिया आणि मनेंद्रगढला समुद्री जीवाश्मांचे पातळ थर आहेत, पण ते तुमच्या खोऱ्यात नाहीत. ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झाडाची पानं बराकरमध्येही आणि त्याच्या वरच्या, तरुण राणीगंज थरांमध्येही, त्यामुळे बारीक कामाला निरुपयोगी. परागकण आणि बीजाणू चांगले. तालचिरमध्ये पॅरासॅकाइट्ससारखे एकपिशवी परागकण जास्त, बराकरमध्ये शेउरिंगिपोलेनाइट्सचं राज्य, राणीगंजमध्ये रेषा असलेले दोनपिशवी. यावरून आपण कुठल्या फॉर्मेशनमध्ये आहोत ते खात्रीने कळतं, कधी फॉर्मेशनमधला वरचा की खालचा भाग तेही. आठांतलं कितवं चक्र, ते नाही कळत. आणि चुंबकीय पलटण्यांची आशा धरू नका. त्या काळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे पाच कोटी वर्षं जवळजवळ सलग उलटंच होतं. कियामन म्हणतात त्याला. पलटणीच नाही तर खूण कशाची धरणार?

आता ‘पण आठ-आठच कशी निघाली?’ याबद्दल. विद्यार्थ्यांना मी एक खेळ करायला देतो, तुम्हीही घरी करा. पत्त्यांचा कॅट घ्या. बदाम म्हणजे भरड वालुकाश्म, चौकट म्हणजे बारीक वालुकाश्म, किलवर शेल आणि इस्पिक कोळसा. नीट पिसा आणि एकेक पत्ता वर वर मांडत जा. आपण लॉगमध्ये करतो तेच करा: वरच्या दिशेने बारीक होत गेलं की तेच चक्र, एकदम भरड झालं की नवं. मधला सभासद गायब असला तरी ‘अपूर्ण चक्र’ म्हणून चालवून घ्या, आपण घेतोच. बावन्न पत्त्यांत सरासरी वीसच्या आसपास चक्रं निघतात. दोनदा पिसून शेजारी शेजारी मांडा आणि वर्गातल्या हुशार मुलाला जोडायला सांगा. तो जोडतो. समजावूनही सांगतो, इथे एक चक्र झिजून गेलंय, इथे थर फुटलाय. माझ्याकडे एकीने तर पत्त्यांच्या त्या छेदात खोऱ्याची खोल बाजू कुठली तेही दाखवलं होतं.

हा खेळ माझ्या डोक्यातला नाही. एडवर्ड झेलर यांनी १९६४ मध्ये कॅन्ससमध्ये यादृच्छिक आकड्यांतून कृत्रिम छेद बनवून भूवैज्ञानिकांपुढे ठेवले होते, आणि लोकांनी त्यात चक्रं पाहिली आणि जोडली. अँड्र्यू मिआल यांनी १९९२ मध्ये हाच डाव एक्झॉन या तेलकंपनीच्या जागतिक समुद्रपातळीच्या तक्त्यावर केला. यादृच्छिक आकड्यांचे चार छेद घेतले, तर त्यांतल्या किमान ७७ टक्के घटना त्या तक्त्यातल्या कुठल्या ना कुठल्या घटनेशी जुळल्या. तक्त्यात घटनाच इतक्या दाट होत्या, की काहीही कुठेतरी बसलंच असतं. तेव्हा ‘जुळतंय’ हा पुरावा नाही. ‘न जुळण्याची शक्यता होती आणि तरी जुळलं’ हा पुरावा.

मग चक्रांचा आकृतिबंध कधीच कामाला येत नाही का? येतो, पण चक्रं एकसारखी नसतील तेव्हा. इथे पंचांग उपयोगी पडतं. नुसतं ‘दरवर्षी श्रावण येतो’ यावरून वर्ष कळत नाही. पण कोणी तुम्हाला लागोपाठचे अधिक मास सांगितले, आषाढ, ज्येष्ठ, अश्विन, श्रावण, तर तुम्ही २०१५, २०१८, २०२०, २०२३ अशी वर्षं लावाल. अंतरं सारखी नाहीत, महिने वेगळे, म्हणून साखळीला ओळख आहे. भूमध्य समुद्राभोवती असंच झालं. पृथ्वीच्या अक्षाचं भोवऱ्यासारखं डुलणं, ज्यामुळे पंचांगात अयनांश वाढत राहतात, ते ताऱ्यांच्या संदर्भात २६ हजार वर्षांचं. पण कक्षाही वळत असल्यामुळे हवामानाला जाणवतं ते १९ ते २३ हजार वर्षांचं. या तालावर सिसिली आणि कॅलाब्रियाच्या गाळात सॅप्रोपेल नावाचे काळपट थर बसले. कक्षेची लंबवर्तुळता सुमारे १ लाख आणि ४ लाख ५ हजार वर्षांच्या तालात बदलते, आणि ती जास्त असताना डुलण्याचा परिणाम वाढतो. म्हणून सॅप्रोपेल एकसारखे न येता घोळक्याने येतात: तीन-चार ठळक, मग मोकळी जागा, मग पुन्हा. हिल्गेन यांनी १९९१ मध्ये हे घोळके खगोलीय वक्राशी जुळवले, आणि ती जुळणी टिकली.

टिकली ती का, हेही पाहा. मघाचे अधिक मास परत घ्या. आषाढ, ज्येष्ठ, अश्विन, श्रावण. १९९६, १९९९, २००१, २००४ मध्येही नेमके हेच, याच क्रमाने. एकोणीस वर्षांनी साखळी जवळपास तशीच येते. म्हणजे तुमची जुळणी आतून अगदी निर्दोष आणि तरीही एकोणीस वर्षांनी चुकलेली, असं होऊ शकतं. त्यातून सुटायला पंचांगाबाहेरची एक खूण लागते: जुन्या पानामागे छापलेली रॉकेलच्या दुकानाची जाहिरात, काहीही. हिल्गेन यांच्याकडे चुंबकीय पलटण्या आणि फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म समुद्री जीवांच्या पहिल्या-शेवटच्या हजेऱ्या होत्या. एका घोळक्याची चूक झाली असती तर तिथे लगेच उघडी पडली असती.

ज्यांच्याकडे अशी बाहेरची खूण नव्हती त्यांचं काय झालं, त्यासाठी इटलीतल्या डोलोमाइट पर्वतांमधलं लातेमार वाचा. ट्रायासिक काळातला चुनखडकाचा चबुतरा, त्यात पाचशे-सहाशे पातळ चक्रं, मीटरभराच्या आतली. पाच-पाचचे गट दिसतात, म्हणजे डुलणं आणि लंबवर्तुळता, म्हणजे प्रत्येक चक्र सुमारे २० हजार वर्षांचं, म्हणजे सगळा चबुतरा एक कोटीहून अधिक वर्षांचा. हिशेब सुंदर होता. मग राखेतल्या झिरकॉनची वयं आली आणि सगळा कारभार त्याच्या लहानशा अंशात आटोपला असल्याचं दिसलं. वाद बरीच वर्षं चालला. माझं मत झिरकॉनच्या बाजूचं आहे, हे उघडच आहे.

झिरकॉन म्हणजे ब्रह्मास्त्र नव्हे, हेही सांगून ठेवतो. चांगल्या प्रयोगशाळेत ०.१ टक्का अचूकता मिळते, सर्वोत्तम ठिकाणी त्याहून बरी. २९ कोटी वर्षांचा ०.१ टक्का म्हणजे जवळजवळ ३ लाख वर्षं. तुमचं चक्र १ लाख वर्षांचं असेल तर एका वयाच्या चुकीच्या मर्यादेत तीन चक्रं मावतात. म्हणून वय तुम्हाला घोळका सांगेल, घोळक्यातलं चक्र नाही. तरी खूप झालं.

आता माझी स्वतःची फजिती, म्हणजे मी वरून उपदेश करतोय असं वाटायला नको. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला विदर्भातल्या एका पट्ट्यात दोन बोअरहोलची जुळणी करायला दिली होती. अंतर सहाशे मीटर, तुमच्या १४ किलोमीटरसमोर काहीच नाही. दोन्हींत सहा सीम. मी एकाला एक, दोनाला दोन जोडले, जाड्याही बऱ्यापैकी जमल्या, नकाशा रंगवला. मग मध्ये तिसरं बोअरहोल झालं, आणि त्यात सात. एका बाजूला दुसरी सीम फुटून दोन झाली होती आणि सर्वात खालची जुन्या नदीपात्राने खरवडून नेली होती. दुसऱ्या बाजूला ती फुटलेली नव्हती आणि खालची जागेवर होती. सहा आणि सहा ही संख्या बरोबर, सहा जोड्यांपैकी चार चुकीच्या. आमचे साहेब कमी बोलायचे. त्यांनी नकाशा उलटा करून मागे लिहिलं, ‘डबे मोजू नका, इंजिन शोधा.’ बेसाल्टवाले हेच करतात. सह्याद्रीच्या कड्यात लाव्हाचे थर एकावर एक, प्रत्येकाच्या माथ्यावर पोकळ्या, मध्ये कुठे तांबड्या मातीचा बोल. दिसायला सगळे सारखे. पायऱ्या मोजून खंडाळ्याचा घाट महाबळेश्वरशी जुळवता येत नाही. त्यांनी रासायनिक घडण धरली, आणि मोठमोठ्या प्लॅजिओक्लेज स्फटिकांचे जे मोजके विचित्र थर आहेत ते धरले. त्यांतला एक तर आपल्या मंचरच्या नावाने ओळखला जातो. त्याच वाटेने, रसायन आणि चुंबकत्व मिळून, सुमारे हजार किलोमीटरवरच्या राजमुंद्रीचा लाव्हा सह्याद्रीच्या वरच्या थरांशी जोडला गेला.

म्हणून तुमची चार सेंटिमीटरची पट्टी. ती दोन गोष्टींपैकी एक असू शकते. एक, साधा पुराचा गाळ: दलदलीत एखाद्या वर्षी नदीचं पाणी घुसलं आणि चिखल टाकून गेलं. तसं असेल तर ती नदीच्या बाजूला जाड होत जाईल, दुसरीकडे विरून जाईल, आणि १४ किलोमीटरवरची पट्टी बहुधा वेगळ्याच पुराची असेल. दुसरी शक्यता, ज्वालामुखीची राख. दलदलीच्या आम्लधर्मी पाण्यात राखेची केओलिनाइट माती होते. तिला टॉनस्टाइन म्हणतात, आणि ती एका उद्रेकाची, म्हणजे भूवैज्ञानिकदृष्ट्या एका दिवसाची असते. ती निघाली तर तुमच्याकडे पानशेत आहे. बाकीची आठ चक्रं तिच्या वर किती, खाली किती, हे पाहिलं की जुळणी बरोबर की चूक हे आपोआप दिसेल. एका बोअरहोलमध्ये ती तिसऱ्या चक्रात आणि दुसऱ्यात पाचव्यात असेल, तर तुमच्या मोजणीचा निकाल लागला. तुमच्या मजकुरात ती कितव्या चक्रात आहे हे लिहिलेलंच नाही. ते आधी बघा.

राख निघाली तरी लगेच हुरळून जाऊ नका. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी राखेचा थर आहे. राख आहे याबद्दल वाद नाही. ती सुमात्रातल्या टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून लाखो वर्षं जुन्या उद्रेकाची, यावर मात्र काचेचे कण आणि वयं पुढे करून तज्ज्ञ भांडले. सोबत दगडी हत्यारं असल्यामुळे भांडण आणखी रंगलं. नदीने राख एकदा उचलून पुन्हा टाकलेली असू शकते, आणि एकाच ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांची राख बरीच सारखी असते. तुमच्या दलदलीत पाणी संथ होतं, एवढा फायदा.

तपासणी अशी. पट्टीच्या वरच्या-खालच्या कडा भिंगाखाली पाहा. राखेच्या पट्टीच्या कडा सहसा सुरीने कापल्यासारख्या असतात, पुराचा गाळ कोळशात मिसळत जातो. थोडा नमुना क्ष-किरण विवर्तनाला (खनिजं ओळखण्याच्या तपासणीला) द्या. जवळपास शुद्ध केओलिनाइट निघालं तर आशा, इलाइट आणि भरपूर क्वार्ट्‌झ निघालं तर बहुधा गाळ. मग जड खनिजं वेगळी करून झिरकॉन शोधा: टोकदार, कडा शाबूत असलेले लांबट स्फटिक हवेत. गोल घासलेले दाणे नदीने आणलेले. वयं काढायचा खर्च प्रबंधात बसणार नाही, पण दोन्ही पट्ट्यांची रासायनिक घडण सारखी आहे का, विशेषतः टायटॅनियम, झिर्कोनियम, थोरियमसारख्या सहज न हलणाऱ्या मूलद्रव्यांची, एवढं एखाद्या सहकार्य करणाऱ्या प्रयोगशाळेत होऊ शकेल. गॅमा लॉग (बोअरहोलमधल्या किरणोत्साराची नोंद) असेल तर तोही काढा. थोरियम जास्त असेल तर पट्टी तिथे टोक दाखवते, आणि मधल्या जुन्या बोअरहोलांचे फक्त लॉग उरले असतील तरी तिचा माग लागतो.

दामोदरबद्दल प्रबंधात एकच वाक्य लिहा: परागकणांवरून दोन्हीकडे बराकर आहे. त्यापुढे जायला तुमच्याकडे आज काही नाही. आणि मार्गदर्शकांना आठ रेषा हव्याच असतील तर त्यांना पत्त्यांचा खेळ दाखवा, पण चहाच्या वेळी दाखवा, सेमिनारमध्ये नको.

नमुना घेताना कोअर उभा चिरून अर्धाच घ्या. उरलेला अर्धा पेटीत जिथल्या तिथे ठेवा आणि मीटरची खूण पुसली असेल तर आधी परत लिहा. चार सेंटिमीटर म्हणजे फार नाही. पहिल्याच तपासणीत सगळा दळून टाकलात, तर झिरकॉनसाठी पुन्हा बोअरहोल कोणी मारून देणार नाही.